परगावी शिकणाऱ्यांचे जेवण

श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरास २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि परगावच्या मुलामुलींनी तेथे जेवावे कोठे हा प्रश्न घरोघरी निघू लागला. खेड्यात शहरासारख्या खाणावळी थोड्याच असणार! मग रात्री किटलीच्या उकळत्या पाण्यात झटपट शेवया, नाहीतर फाट्यावरचा आलूबोंडा. आम्ही वडीलधारी यास जिभेचे चोचले म्हणतो. आम्हांस मात्र तो दोष अर्धाच पटतो. दहा वाजता भुकेलेल्या मुलाने भाकर कोठे थापावी?

तथापि शेवयांबरोबरच्या मसाल्याच्या पुडीत मीठ फार असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरू नये इतकीच घातली आहे. तेव्हा पुडी अर्धीच घालावी. घरून जाणारे चिवडा-शंकरपाळेही तळलेलेच की! त्याऐवजी सातूचे पीठ, गूळ, भाजलेले दाणे धाडावेत; सातूस चूल लागत नाही.

आमच्या आजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सात दिवस सात घरी. आता पैसे देऊन गावातील एखाद्या घरी दोन वेळचे जेवण ठरवावे. यावर आमच्या काही घरांतील वृद्ध मंडळी विचारतील, ‘घर कोणाचे?’ गोविंदप्रभू जन्माने ब्राह्मण. पण ते अस्पृश्य मानलेल्यांच्याही घरी जात, असे त्यांच्या लीळांत आहे. आपण त्या घरी एवढेच विचारावे, की रात्रीचा स्वयंपाक किती वाजता होतो, आणि उशीर झाल्यास ताट झाकून ठेवाल काय.