अंगठाबहाद्दर

आमच्या बापजाद्यांना अंगठाबहाद्दर म्हणायचे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला की जमीन गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. दोस्तहो, तुम्हाला येतं. तरी न वाचता अंगठा उठवता. फॉरवर्ड!

वर म्हणता, 'मी कुठं लिहिलं? नुसतं पुढं पाठवलं.'

ही पळवाट कायद्यात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामी रचणाऱ्याला धरतं, तसं पसरवणाऱ्यालाही धरतं. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. २०२३ साली मद्रास हायकोर्टानं महिला पत्रकारांबद्दलची घाण पुढं ढकलणाऱ्या एका नट-पुढाऱ्याला हेच सुनावलं. माफी मागूनही खटला सुटला नाही.

पण कायदा कुणाच्या उपयोगाचा? मी उरणकडच्या धक्क्यावर राबतो. आमच्या टोळीतला एक गडी माल चोरतो, असा मेसेज फिरला. पुरावा शून्य. आठ दिवसांत त्याला कामावर घेईनात. वकील कुठनं आणणार? तारखेला गेला की खाडा, खाडा पडला की चूल बंद. आणि २०१२ साली पालघरच्या दोन पोरींना मात्र पोलिसांनी तडक उचललं. एकीनं मुंबई बंदवर सवाल केला, दुसरीनं तो नुसता 'लाईक' केला. त्यांना लावलेलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ साली मोडीत काढलं.

म्हणून मी कायद्याचा धाक घालत नाही. महाडची आठवण देतो. आपल्याच रायगडातलं महाड. २० मार्च १९२७. आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली आणि गावात आवई उठली, आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार! मोबाईल नव्हते, तोंडं होती. या तोंडातनं त्या तोंडात गेली, आणि जेवत्या माणसांवर काठ्या पडल्या. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले.

अफवा वरनं गडगडत येते आणि आपल्याच डोक्यावर फुटते. अन् तुम्ही तिला हात लावता?

मालकाची चोरी, पुढाऱ्याची लूट खुशाल चव्हाट्यावर आणा. पुराव्यानिशी, स्वतःच्या सहीनं. लोकहिताचं खरं बोलणं कायद्यातही बदनामी नाही. पण वस्तीतल्या पोरीच्या नावानं, सोबतच्या गड्याच्या नावानं ऐकीव घाण आली, तर ती तुमच्यापाशीच मेली पाहिजे.