राजाधिराज आणि चौकातले पुतळे

ज्या अहिल्यादेवींचे नाव आता आपल्या जिल्ह्यास लाभले आहे, त्यांचा जन्म 1725 साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ज्या होळकर घराण्याच्या त्या सून, त्याच घराण्याच्या गादीवर पुढे आलेल्या दुसऱ्या यशवंतरावांनी 1933 च्या सुमारास पॅरिसवासी रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांजकडे इंदुरातील एका ध्यानमंदिराची कामगिरी सोपविली होती, ही हकीकत थोड्यांनाच माहीत असेल. शिल्पकार 1937-38 च्या हिवाळ्यात इंदुरास येऊनही गेला. मंदिर मात्र उभे राहिले नाही. त्यासाठी योजिलेली ओकाच्या लाकडाची, सुमारे तीन मीटर उंचीची मूर्ती आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. तिचे पूर्वीचे नाव ‘बुद्धाचा आत्मा’, आताचे ‘राजाधिराज’.

या राजाधिराजास हात नाहीत, पाय नाहीत. वर मुकुट व मस्तक यांचा भास, आणि खाली लाकडातच घडविलेले वळसे व खाचा, एवढाच त्याचा देह. तरीही त्याच्यापुढे उभा राहणारा त्यास खांब समजत नाही. कोणीतरी ताठ उभे आहे, अशीच त्याची भावना होते. लाकडात काम करणाऱ्यास अशी काटकसर माध्यमच शिकविते. फायबर साच्यात ओतले म्हणजे निमूटपणे हवा तो आकार घेते; लाकडास स्वतःची रेषा असते, गाठ असते, आणि तिच्या विरुद्ध पटाशी चालविली की नको तेथली ढलपी निघून येते. म्हणून काय कोरावे याइतकेच काय सोडून द्यावे, याचाही विचार कारागिरास करावा लागतो.

ही दृष्टी परकी आहे, असे आपण तरी म्हणू नये. शेंदराने माखलेल्या तांदळ्यास चांदीचे डोळे बसविले की त्यात जगदंबेचे मुख पाहणारा आपला समाज आहे. नाक कोठे, हनुवटी कोठे, अशी तक्रार कोणी गुरवाकडे करीत नाही. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे 1974 साली झाडाचे मूळ खणताना जी ताम्रयुगीन धातुशिल्पे हाती आली, त्यांतील दोन बैलांच्या रथावर उभा असलेला पुरुष जेमतेम 16 सेंटिमीटर उंचीचा आहे. चेहऱ्याने तो कोण, हे आपणांस कधीही कळणार नाही. पण वाहन हाकणाऱ्या माणसाचा तोल त्याच्या उभे राहण्यात आजही ओळखू येतो.

असा वारसा असता, मनुष्याकृती म्हणजे हुबेहूब चेहरा, असे समीकरण आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ व्हावे, हे विचित्र नव्हे काय? चौकात पुतळा बसवावयाचा तर ठराव होतो, दरखास्त जाते, मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मंजुरी घ्यावी लागते. ही तजवीज योग्यच आहे. परंतु नमुना पाहावयास जमलेल्या मंडळींची चर्चा बहुधा नाक, मिशी आणि पदर यांच्यापलीकडे जात नाही. आणि ज्या अहिल्यादेवी 1795 साली, म्हणजे छायाचित्रणाची कला जन्मास येण्यापूर्वीच निवर्तल्या, त्यांच्या पुतळ्याचा हुबेहूबपणा ताडून पाहावा तरी कशाशी?

स्मारकातील व्यक्ती ओळखू यावी, ही लोकांची अपेक्षा रास्त आहे, आणि ती मोडून काढावी असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझी मागणी इतकीच, की नगरपालिकांनी व जिल्हा परिषदेने दरवर्षी पुतळ्यांसाठी जी रक्कम व जागा राखून ठेवावयाची, तिचा लहानसा हिस्सा अशा शिल्पांस द्यावा, की ज्यांत माणूस असेल पण नामवंत व्यक्ती नसेल: ऊसतोडणीची मोळी डोक्यावर घेतलेली बाई, रांगेत तिष्ठणारा वृद्ध, झोपलेले मूल. ती लाकडात व्हावीत, दगडात व्हावीत, आणि चेहऱ्यास फाटा देण्याची मुभा शिल्पकारास असावी. इंदूरच्या महाराजांचे मंदिर झाले नाही, तरी शिल्पकारास मोकळीक देण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. तेवढे धैर्य लोकनियुक्त सभासदांनी दाखविण्यास कोणत्याही संस्थानाच्या खजिन्याची जरूर नाही.