घर सांभाळणारीचं नाव कागदावर

जुन्या वळणाची गृहिणी पुन्हा लोकांना खुणावू लागली आहे. मोबाइलवर नऊवारी, पाटा-वरवंटा, कल्हईची पातेली आणि वाळवणांनी भरलेल्या गच्च्या दिसतात. परदेशात याच ओढीला ‘ट्रॅडवाइफ’ म्हणतात. हे सगळं नुसतं मिरवणं आहे म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या वस्तीत या ओढीचं कारण समोरच दिसतं. खांदेश्वरहून सीएसएमटीला लोकलने जायला तासाहून अधिक वेळ लागतो, परतीला तेवढाच. नवरा-बायको दोघंही या वेळापत्रकाला बांधली गेली की मूल पाळणाघरात, जेवण डब्यावर आणि घर फक्त पाठ टेकण्यापुरतं उरतं. अशा वेळी एखादी शिकलेली बाई नोकरी सोडून घर पूर्णवेळ पाहायचं ठरवते, तो निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला असू शकतो. त्या निर्णयाचा मान राखूनच माझी एक मागणी आहे. ज्या घराला पूर्णवेळ गृहिणी हवी आहे, त्या घराने आपल्या मालकीत तिचं नाव लावलं पाहिजे.

ही मागणी करावी लागते, कारण जुन्या काळातल्या सोयीच्या गोष्टीच तेवढ्या आज परत आणल्या जात आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आलं. हजार पाककृतींचं ते पुस्तक म्हणजे घरकाम ही शिकण्याची, लिहून ठेवण्याची विद्या आहे याची साक्ष होती. पण त्या विद्येत पारंगत असलेल्या बाईचा नवरा गेला तर तिच्या हाती काय उरायचं? हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा १९३७ साली झाला, तोही हयातीपुरत्या मर्यादित हक्काचा. पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडलं. पंडिता रमाबाईंना १८८९ मध्ये शारदा सदन आणि अण्णासाहेब कर्वे यांना १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढावा लागला. सुगरण असणं हा बाईचा आधार होऊ शकत नव्हता, हे त्या संस्थांच्या दारात आलेल्या बायकांनी पुरेसं दाखवून दिलं होतं.

शिवाय ते घरकाम एकटीचं नव्हतं. कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पहाटे उठून शिजवायचा. गरम चीक सतत घोटावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात. आणि निवायच्या आत सोऱ्यातून पाडावा लागतो. एकीने घोटायचं, दुसरीने सोऱ्या दाबायचा, तिसरीने ऊन आणि कावळे सांभाळायचे. जावा, नणंदा, शेजारणी मिळून हे काम उरकायचं. आज वन बीएचकेमध्ये एकटी बाई तेच करू पाहते तेव्हा तीन-चार जणींचे कष्ट तिच्या एकटीच्या अंगावर पडतात.

अलीकडचे आकडेही वेगळं सांगत नाहीत. केंद्राच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष चारांतले जेमतेम एक होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये याच आकड्यांचा आधार घेत गृहिणीच्या कामाचं पैशांत मोल धरलं. मात्र तो खटला अपघातात गेलेल्या जोडप्याच्या भरपाईचा होता. जिच्या कामाला किंमत आहे असं न्यायालय म्हणालं, ती ते ऐकायला नव्हती. जिवंतपणी हा हिशेब व्हायचा तर तो घरातच व्हायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रेमाचा: नवरा-बायकोत कसला आला कागद? पण कर्ज काढताना, विमा उतरवताना, मुलाच्या शाळेत दाखला देताना हेच कुटुंब कागद करतं आणि त्याने प्रेम आटत नाही. विश्वास असेल तर सही करणं उलट सोपं जावं. दुसरा आक्षेप असा की कमावतो एकटा, हप्ता फेडतो एकटा, मग मालकी दोघांची कशी? याचं उत्तर शेतकऱ्यांनी कधीच दिलं आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. तिच्या राबण्यावर शेत उभं आहे, ही कबुली त्या माणसांनी सातबाऱ्यावर दिली. शेजारच्या गोव्यात तर वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून ही रीत चालत आली आहे. गोव्यातले संसार त्यामुळे मोडून पडलेले नाहीत.

तिसरं म्हणणं अधिक गंभीर आहे. ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये मिळतात, सरकारने काहीतरी केलंच ना? ते पैसे बाईच्या खात्यात येतात ही मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखणार नाही. पण राहत्या घरावरचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि ज्या घरांचं उत्पन्न मर्यादेबाहेर आहे तिथल्या गृहिणीला तर ते पैसेही नाहीत.

खरं तर आपल्याकडे वाट बरीच मोकळी आहे. केवळ बाईच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. राहतं घर पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि इतर खर्च वेगळा. खांदा कॉलनीत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगी, घरावर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि शेवटी सोसायटीच्या भागपत्रावर नाव, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. अनेक घरं नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, करून थांबतात आणि काम झालं असं समजतात. नॉमिनी मालक होत नाही. तो फक्त पुढच्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. म्हणून नॉमिनेशनवर न थांबता बक्षीसपत्राचं आणि परवानग्यांचं काम याच महिन्यात सुरू करावं, ते झालं की भागपत्रावर तिचं नाव चढवण्याचा अर्ज सोसायटीच्या कार्यालयात द्यावा, आणि जिथे नवीन घराचा व्यवहार चालू आहे तिथे करारनाम्यावर सही होण्याआधीच दोन्ही नावं घालून घ्यावीत.