नाटक की आजार?

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

एम-थ्रीचा पेपर झाला की हॉस्टेलमधल्या अर्ध्या मुली म्हणतात, "मला ट्रॉमा झालाय!" मीही म्हणायचे. मग माझी रूममेट एका अपघातातून वाचून परत आली. सहा महिने झाले, तरी ट्रकचा हॉर्न वाजला की ती थरथरते, रात्री उठून बसते. तिने सबमिशनला मुदत मागितली, तर आपल्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, "नाटक करतेय."

पीटीएसडी हे नाव व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. तिथे माजी सैनिकांना या आजारासाठी भरपाई मिळते. पैसा आला की काही खोटे दावेही येणारच.

पण ओळखायची रीत आहे. जीव जाण्याची वेळ, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार असं काही घडलेलं हवं. लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली हवीत. रोजचं जगणं बिघडलेलं हवं. 'कॅप्स-५' या मुलाखतीत तीस प्रश्न असतात. तज्ज्ञ नुसतं "हो" ऐकून थांबत नाहीत. किती वेळा, किती त्रास, एखादं उदाहरण सांग, असं खोदून विचारतात.

लॅबमधला मीटर दोन्हीकडे चुकू शकतो, हे आपण शिकलोय. खोट्याला खरं मानलं तर पैसे किंवा मार्क जातात. खऱ्याला खोटं ठरवलं तर माणूस गप्प होतो. माझी रूममेट आता मुदत मागत नाही. काही बोलतच नाही.

निदान करणं हे डॉक्टरांचं काम. निदान आपण तिला नाटकी तरी म्हणू नये!