भेजा खा, पण गाठ कुत्र्याला टाकू नका

बड्याचा भेजा खाल्ला की ‘मॅड काऊ’ होतो, असं नांदगाव पेठेतही पोरं मोबाइल पाहून सांगतात. तो आजार १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला. गुरांना मांस-हाडांचा भुगा चारल्यानं तो पसरला होता. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१० पासून भारताला ‘नगण्य धोका’ असलेल्या देशांत धरलंय. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूही कापता येत नाहीत. आपल्याकडे कायद्यानं मिळतं ते म्हशीचंच.

मला काळजी वाटते ती वेगळीच. कलेजीत, फेफड्यात कधी पाण्यानं भरलेल्या पांढरट गाठी निघतात. त्याला हायडॅटिड म्हणतात. ही गाठ खाऊन माणसाला आजार होत नाही. पण आपण ती कच्चीच कुत्र्यापुढे टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर आणि लेकरांच्या हातावर येतात. पोटात गेली की काही वर्षांनी माणसाच्या यकृतात तशीच गाठ सापडते. मग बऱ्याचदा ऑपरेशनच.

हलाल पाहतो, तसं तय्यबही पाहू. ईदला गाठ निघाली तर जाळा किंवा कुत्रं उकरणार नाही इतकी खोल पुरा. भेजा-कलेजी आतपर्यंत शिजवा. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी भेजा टाळावा, गरोदर बहिणींनी कलेजी.

आणि जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी असलेला कत्तलखाना मागा. जिथं लपूनछपून कापावं लागतं, तिथं गाठ कोण तपासणार? स्वच्छ मांस मागणं हा आपला नागरी हक्क आहे.