पेनड्राइव्हला चाळणी कोण लावणार?

बारामती-इंदापुरात 'डिजिटल शाळे'चा नारळ केव्हाच फुटला. लोकवर्गणी झाली, कुठे ग्रामपंचायतीने निधी दिला, कुठे कंपनीने. भिंतीवर टीव्ही आला आणि त्याच्यामागोमाग पुरवठादाराचा पेनड्राइव्ह. टीव्ही किती इंची, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळ्यांनी विचारले. पेनड्राइव्हमध्ये काय भरले आहे, हे विचारायचे राहून गेले.

पाठ्यपुस्तकाची ओळन् ओळ बालभारतीत विषय समितीच्या नजरेखालून जाते. तोच धडा व्हिडिओ होऊन आला की त्याला कुणी अडवत नाही. हिंदीवरून घाईघाईने मराठीत उतरवलेला गणिताचा व्हिडिओ लावून पाहा. अपूर्णांकाला तो 'भिन्न' म्हणतो, काटकोनाला 'समकोण'. पोर पुस्तकात काटकोन वाचते, पडद्यावर समकोण ऐकते आणि दोन वेगळ्या गोष्टी समजून दोन्ही पाठ करते. विज्ञानाच्या व्हिडिओतल्या अन्नसाखळीत ध्रुवीय अस्वल फिरत असते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात, त्यांचे शेवाळ, पाण्यातले किडे, मासे, मच्छीमाराचे जाळे हे सगळे पोरांच्या घराजवळ. पण व्हिडिओला त्याचा पत्ता नाही. वर निवेदन, खाली तेच शब्द, मागे ढणढण संगीत. चित्राला निवेदनाची जोड पुरते, तेच शब्द पडद्यावर पुन्हा उमटवले तर शिकणे बहुधा घटते, हे रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवले आहे. विक्रेत्याला त्याचे काय!

दुखणे इथलेच नाही. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालानुसार ब्रिटनमध्येही शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अवघ्या ७ टक्के कंपन्यांनी आपल्या मालाची काटेकोर तुलनात्मक चाचणी घेतली होती. आपल्याकडे निदान पुण्यात 'बालचित्रवाणी' होती. १९८४ पासून मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तिथे तयार होत. २०१७ मध्ये ती बंद झाली. नेमके त्याच वर्षी 'दीक्षा' हे सरकारी डिजिटल शिक्षण व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड झळकू लागले. पडदे वाढत असतानाच त्यांच्यासाठी कार्यक्रम घडवणारी शाळा आपण मोडली.

म्हणून आता निर्णय गावात आणि शाळांच्या केंद्रात व्हायला हवा. शिक्षकांनी आधी पाहून सही केल्याशिवाय एकाही व्हिडिओ-संचाचे बिल निघू नये. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून झाली की तासभर व्हिडिओ लावावेत, तेही चार मुलांना सोबत बसवून. टीव्ही बंद करून 'काय कळलं, सांग रे' एवढेच विचारावे. पोर गप्प बसले तर तो व्हिडिओ बाद. भिगवणच्या गुरुजींनी तर अस्वल बाजूला ठेवून मोबाइल घेऊन सरळ पाण्याकाठी जावे. हिवाळ्यात रोहित तिथेच असतात.