पाटी जुनी, माल निराळा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या राजकारणाविषयीं बोलणें निघालें कीं, डेमोक्रॅट म्हणजे पुढारलेले व रिपब्लिकन म्हणजे जुनाट, असा निवाडा देऊन आपल्याकडील लोक मोकळे होतात. पेढीवरची पाटी वाचून आंतल्या मालाची पारख करावी, तशांतलाच हा प्रकार होय. रिपब्लिकन पक्ष १८५४ सालीं जन्मास आला तो गुलामगिरीच्या प्रसारास अडसर घालण्याकरितां. लिंकन त्याच पक्षाचा. दक्षिणेंतील डेमोक्रॅट हे त्या वेळीं गुलामांच्या धन्यांचे कैवारी. पुढें १९६४ सालीं वर्णभेदाविरुद्धच्या कायद्यावर सही केली ती जॉन्सन या दक्षिणी डेमोक्रॅट अध्यक्षानें. आणि त्या कायद्याविरुद्ध मत देणारा रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर त्याच वर्षीं सपशेल हरला, तरी दक्षिणेंतील पांच संस्थानें त्यानें जिंकलीं. पाट्या जागच्या जागीं राहिल्या, गिऱ्हाइकें मात्र दुकानें बदलूं लागलीं.

दोन्ही पक्षांच्या तोंडीं शब्द एकच, स्वातंत्र्य. एकाचें म्हणणें, सरकारनें व्यापारांत हात घालूं नये व कर थोडे घ्यावे. दुसरा १९३३ पासून, म्हणजे रूझवेल्टच्या कारकीर्दीपासून, म्हणत आला कीं, उपाशी मनुष्याच्या स्वातंत्र्यास सरकारचा टेंकू लागतो. या दोघांबाहेरच्यास तेथें थारा कठीण. डेब्स या समाजसत्तावाद्यास १९१२ सालीं नऊ लाखांवर मतें पडलीं, तरी अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळांत त्याच्या वांट्यास एकही मत आलें नाहीं.

आमच्या मतें खरी कसोटी निराळी आहे: हें स्वातंत्र्य कोणाचें, आणि मतपेटीपर्यंत पोहोंचूं कोणास दिलें जातें? जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ, दासांस मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केला. वर्णावरून मताचा हक्क नाकारूं नये, अशी घटनादुरुस्ती तेव्हां तीनच वर्षांपूर्वीं, १८७० सालीं, झाली होती. (स्त्रियांकरितां तशी दुरुस्ती होण्यास १९२० साल उजाडावें लागलें.) पण १८९० सालीं मिसिसिपी संस्थानानें वर्णाचें नांवही न काढतां तो हक्क बुडविला. दोन डॉलर डोईपट्टी भरा. शिवाय राज्यघटनेचें कलम वाचून दाखवा, नाहीं तर ऐकून अर्थ सांगा. अर्थ बरोबर कीं चूक, तें ठरविणार गोरा अंमलदार! डोईपट्टीनें गरीब गोरेही गळाले, त्याची खंत कोणास वाटली नाहीं.

१९६५ च्या कायद्यानें ही लबाडी मोडली, व जेथें ती विशेष बोकाळली होती तेथील सरकारांस निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वीं वॉशिंग्टनची संमति घेणें भाग पाडलें. ही अट कोणांस लागू, तें ठरविणारें कलम सुप्रीम कोर्टानें जून २०१३ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं रद्द केलें, आणि अट निकामी झाली. मतदारास ओळखपत्र दाखविण्याची सक्ति करणारा अडून पडलेला कायदा आतां अंमलांत येईल, असें टेक्सास सरकारनें त्याच दिवशीं जाहीर केलें.